अंदाजानं लिहिलेला शब्द

घरातला पहिला पदवीधर म्हणून गावाकडून पुण्यात आलो आणि पेशवाईतल्या इंग्रजी पत्रांचं मराठी करायची नोकरी लागली. अडलेल्या शब्दाची जागा कोरी सोडायची, असा तिथला नियम होता. मला मात्र त्याची लाज वाटे. एका कारकुनाच्या मृत्यूबद्दलच्या पत्रात ‘ड्युरन्स’ हा शब्द आला आणि मी अंदाजानं ‘चाकरी’ लिहिलं.

भाषांतर छापून आल्यावर शनिवार पेठेतले त्या कारकुनाचे एक वृद्ध वंशज पेढे घेऊन आले. “आमचे पूर्वज चाकरीत वारले, आपल्यामुळे कळलं.”

मग कोश उघडला. अर्थ होता, कैद.

वरिष्ठ म्हणाले, “अहो पदवीधर, आता जाऊन सांगा.”

मी जाऊन सांगितलं.

“कैद कशासाठी? फितुरी?” त्यांनी हळूच विचारलं.

पत्रात ते लिहिलेलं नाही, एवढंच मला सांगता आलं.