शिडी, लोखंडी, नग एक

माझ्या खात्यावर इतकी रजा साचली होती, की ती नुसती ओतली असती तरी पांढरकवड्याच्या बाजारात गुडघाभर पाणी झालं असतं. नियमानं तीनशे दिवसांच्या वर अर्जित रजा साठत नाही, वरची वाहून जाते. माझी दर सहा महिन्यांनी वाहून जायची. मी शासकीय मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल. मुली दिवाळीला घरी जातात, उन्हाळ्यात जातात. गृहपालानं मागं राहून भिंती राखायच्या. ड्यूटी कागदावर चोवीस तासांची. प्रत्यक्षात सव्वीस.

आर्णीला दिलेल्या माझ्या लेकीचे दिवस मागच्या हिवाळ्यात भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण तिचं माहेर म्हणजे वसतिगृहातल्या माझ्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत तूरडाळीची पोती आणि दुसरीच्या दारावर पाटी : बाहेरील व्यक्तीस मुक्कामाची परवानगी नाही. पाटी मीच रंगवलेली, अक्षर सुंदर आलं आहे. तेव्हा मी ठरवलं, लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेरच आर्णीला जाईल. चांगले चाळीस दिवस.

फोनवर सांगितलं तर पोरगी हसली.

"आई, माह्या लग्नात तू पंगत उठायच्या आधी गेलती. संध्याकाळची हजेरी घ्यायची म्हणून."

"या बारीनं नाही जात."

"सासूबाई काय म्हणतात माहीत आहे? तुही आई सरकारची सून आहे म्हणतात. सासरहून सुटतच नाही."

विहीणबाईंचं हे बोलणं मला असं झोंबलं, की त्या दिवशी भाजीत मिरची घालायची गरज पडली नाही. दुपारीच अर्ज लिहून मी कार्यालयात गेले. आमच्या बाबूंच्या टेबलावर कागदांचे इतके थर आहेत की तळाशी खणलं तर मोडी लिपी निघेल. त्यांनी माझा अर्ज सगळ्यात वर ठेवला, म्हणजे काम होणार होतं.

"चाळीस दिवस, मॅडम? तेवढ्यात तर सरकार पडते."

"पडू द्या. माह्या लेकीचं बाळंतपण आहे."

"नियमात बसते, मंजूर होऊन जाईन. पण चार्ज कोणाले देता?"

चार्ज म्हणजे वसतिगृहातली खाट, बादली, परात, झारा, जे जे यादीत आहे ते दुसऱ्याच्या हाती मोजून द्यायचं. घेणाऱ्यानं सही केली की आपण मोकळे. सही नसेल तर मंजूर झालेली रजासुद्धा कपाटातच झोपते. शेजारच्या तालुक्यातल्या वसतिगृहाची तरुण गृहपाल माझा चार्ज घेईल, असा आदेश निघाला.

ती आली ती कानामागे पेन्सिल खोचूनच. पोरगी अशी चोख, की तिनं चमचेसुद्धा उलटे करून पाहिले. दुपारपर्यंत सगळं बरोबर निघालं. मग ती सत्तेचाळिसाव्या ओळीवर थांबली.

"शिडी, लोखंडी, नऊ पायऱ्यांची, नग एक. कुठं आहे, ताई?"

"असेल इथंच."

"इथं म्हंजे कुठं?"

खरं सांगायचं तर ती शिडी मी जन्मात पाहिली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मी चार्ज घेतला, तेव्हा जुन्या गृहपालबाई निवृत्त होऊन नेरला घरी निघालेल्या. त्यांना बसची घाई, मला नोकरीची घाई. 'सर्व साहित्य तपासून बरोबर मिळाले' असं लिहून मी सही ठोकली. आमच्याकडे सगळीकडे असंच चालतं. यादी वाचण्यासाठी नसतेच मुळी, सहीसाठी असते.

"मी सही केली तर ते शिडी माह्या गळ्यात पडली," ती म्हणाली. "मंग मी कोणाले मागू? शिडी दाखवा, ताई, लगेच सही करते." आणि पेन्सिल पुन्हा कानामागे.

मी बाबूंकडे धावले. ते म्हणाले, मोडकी वस्तू समितीला दाखवली की समिती ती यादीतून काढून टाकते.

"आणि हरवलेली?"

"तेही दाखवा लागते."

"हरवलेली कशी दाखवू?"

"तेच तर म्हणून राह्यलो, मॅडम. दाखवली तर हरवली कशी म्हणता?"

आता माझ्यासारख्या बाईनं काय करावं? मी मंडपवाल्याकडून एक लोखंडी शिडी उसनी आणली, पिवळ्या रंगानं तिच्यावर खात्याचा नंबर घातला आणि चार्ज घेणाऱ्या पोरीला पुन्हा बोलावणं धाडलं. तिनं शिडीवर हात फिरवला. तळवा माझ्यासमोर धरला. हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखा दिसत होता.

"नवीच बाळंत झाली वाटते, ताई. अजून ओली आहे." मग तिनं पायऱ्या मोजल्या. "आणि अकरा आहेत. तुमच्याजवळ राहून दोन वाढल्या का?"

मी लाजले. हे वाक्य मी आयुष्यात फारसं लिहिलेलं नाही. त्या संध्याकाळी लेकीनं विचारलं, "येतेस ना?" तेव्हा मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर अर्धी पोळी तशीच राहिली. ज्या पोरीच्या लग्नातून मी पंगत सोडून पळाले, तिच्या बाळंतपणात एका शिडीपायी हजर नसणार? शिडी पाताळात असली तरी काढायची, असं मी ठरवलं.

रविवारी मुख्यालय सोडण्याची परवानगी घेऊन पहिल्या बसनं नेर गाठलं. जुन्या गृहपालबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी पाणीही न पिता विचारलं, "बाई, शिडी कुठं आहे?"

"कोणती? ते लोखंडी?" त्यांनी शेंग सोलायचं थांबवलंही नाही. "अवं, ते तुह्या सैपाकघराच्या खिडकीत उभी हाय ना."

आमचं वसतिगृह भाड्याच्या इमारतीत आहे, पूर्वी ते कापसाचं गोडाऊन होतं. कापसाच्या गाठी आतबाहेर करायला भिंतीत एक उभी खिडकी ठेवलेली, जमिनीपासून दीड पुरुष उंच. पलीकडे ट्रक उभे राहतात.

"तवा तिले गजच नव्हते," बाई सांगू लागल्या. "ट्रकवाले येऊन उभे राह्यत, कवा कवा आतही घुसत. पोरी जेवाले येईनात. गजासाठी चार पत्रं धाडली. चारी बारीनं उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. मंग म्या मिस्त्री बोलावला, शिडी उभी केली अन् शिमिट लावलं. दुसऱ्या दिवशी पोरी पोटभर जेवल्या."

"मले कायले सांगतलं नाही?"

"तू इचारलं का? सही तर अशी केली, जशी मी चोरीचा माल इकून राह्यली."

अकरा वर्षं मी त्या शिडीवर फडकी वाळत घातली होती. बाईंनी ओंजळभर दाणे माझ्या पदरात टाकले आणि म्हणाल्या, "सोडू नको. रजा तुही आहे, कोणाचे उपकार नाहीत."

सोमवारी मी दोघांनाही बोलावलं, चार्ज घेणारीला आणि साक्षीदार म्हणून बाबूंना. पोरीनं सांडशीनं रंग खरवडला. चुन्याचे थर निघाले, हिरवा निघाला, निळा निघाला, आणि खाली खात्याचा नंबर दिसला. पायऱ्या नऊ. तेवढ्यात जावयाचा फोन आला : कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेलं आहे, डॉक्टर संध्याकाळ म्हणतात.

मी पिशवी उचलली. बाबूंनी चष्मा पुसला.

"नंबर तर आहे, मॅडम. पण हे आता खिडकी झाली ना. शिडी म्हंजे जिच्यावर चढता येते."

"चढता येते?" मी म्हटलं. "बरं."

पदर खोचला, चपला काढल्या. माझं वजन मी सांगत नाही. धान्याच्या काट्यानं एकदा सांगायचा प्रयत्न केला होता, तो अजून दुरुस्तीला आहे. मोठ्यानं मोजत मी चढले. एक, दोन, तीन. कॉलेजला निघालेल्या मुली दारात गोळा झाल्या आणि त्याही मोजायला लागल्या. पलीकडे एका ट्रकवाल्यानं चहाचा कप खाली ठेवून हात जोडले. नऊ म्हटलं तेव्हा माझं डोकं छताला टेकलं होतं.

"उतरा, मॅडम, पडसान!"

"सही झाल्याबिगर उतरत नाही. ड्यूटी चोवीस तासांची आहे, इथं बसली तरी भरते."

बाबू वर बघत राहिले. पोरगी मात्र हसत हसत भिंतीला टेकली. मग कानामागची पेन्सिल बाजूला ठेवून तिनं पेन मागितला आणि लिहिताना वाचून दाखवलं : "शिडी, लोखंडी, नऊ पायऱ्यांची, नग एक. खिडकीत उभी. चढून दाखविली." खाली सही. बाबूंनीही केली, मान हलवत का होईना.

"जा आता, ताई," ती मला हात देऊन उतरवत म्हणाली. "अन् चाळीस दिवसांच्या एक दिवस आधी आल्या, तर मी चार्ज देणार नाही, सांगून ठेवते."

घाटंजीमार्गे आर्णीची बस त्या दिवशी उडतच गेली. ड्रायव्हर हे नाकबूल करेल. दवाखान्याच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या.

"आल्या का सरकारच्या सूनबाई? हजेरीची वेळ किती वाजताची?"

"चाळीस दिवसांनंतरची," मी म्हटलं.

त्या दारातून बाजूला झाल्या. मग आत नेऊन त्यांनी धडुत्यात गुंडाळलेली नात माझ्यापुढे केली. लेक खाटेवरून बघत होती, थकलेली, डोळे माझ्यावर. मी हात पुढे केले, पण आधी धडुतं उघडलं. हात दोन, पाय दोन, बोटं वीसच्या वीस मोजली. मग घेतली.