शेप्या आंब्याखालची बालवाडी

येळापुरात मीराबाईला ‘माहीत नाही’ म्हणताना कुणी ऐकलं नव्हतं. कारंज्याच्या हमरस्त्यावरून आत वळलं, ढाबे आणि ट्रकांची घरघर मागे पडली, की डोंगराच्या कुशीत हे गाव लागतं. गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे, एक जुना शेप्या आंबा होता. कैरीला शेपूसारखा वास यायचा म्हणून हे नाव. त्या आंब्याखाली बाई बालवाडी चालवायची. भिंत नाही, दार नाही. खोडाला टांगलेला फळा, एक लांबरुंद सतरंजी, पाण्याचा माठ आणि खराटा, एवढाच काय तो संसार.

बाईचं माहेर हिंगणघाटचं. बाप एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मजुरांची लहान पोरं तिथे मागच्या खोलीत ठेवायचे आणि बाहेरून कडी घालायचे. खोलीला खिडकी नव्हती, रुईची भुकटी हवेत तरंगत राहायची आणि पोरं खोकत बसायची. त्यांतलीच एक मीरा. बंद दाराचा तेव्हापासून तिला जो तिटकारा बसला तो कायमचा. लग्न होऊन येळापुरात आली, नवरा चंद्रभान ट्रकवर होता, तो वर्षभरात अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. आणि इथे पाहते तर तीच तऱ्हा. कापूस वेचायला निघताना आया लेकरांना भाकरीचा तुकडा देऊन घरात ठेवायच्या आणि दाराला कुलूप लावायच्या. एक दिवस पाणी घेऊन येताना तिला एका दाराखालच्या फटीतून एवढासा हात बाहेर आलेला दिसला. तो हात माती चाचपत होता. हंडा खाली ठेवून बाई त्या हाताला धरून आई परत येईपर्यंत तिथेच बसून राहिली. मग तिने वर्ध्याला जाऊन बालवाडीचं शिक्षण घेतलं आणि ९३ साली आंब्याखालची जागा झाडून काढली. अंगणवाडीची खोली होती गावात, पण तिचे पत्रे वादळात उडाले ते परत आलेच नव्हते.

उघड्यावर पोरं बसवायची म्हटल्यावर गाव गप्प बसतं थोडंच. आयाबाया तिच्या ओसरीवर येऊन ठाण मांडायच्या.

“बाई, पानी आलं तं?”

“समाजमंदिराच्या ओसरीत नेतो. पाय वल्ले झाले तं पुसतो.”

“अन् ऊन?”

“या आंब्याखाली दुपारचं ऊन कवा पाह्यलं का तू?”

“साप-इच्चू?”

“रोज सकाळी काठी आपटत आपटत झाडतो मी. मंग सतरंजी टाकतो.”

“नाल्याकडं गेलं लेकरू म्हणजे?”

यावर बाई आतून एक जाड दोरी आणून दाखवायची. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. एका गाठीला एक पोर. घरोघरून पोरं गोळा करायची ती या दोरीने आणि पोचवायची तीही या दोरीने. शी-शूला कुठे बसतील, जेवतील काय, कपडे मळले तर, थंडीत छातीत कफ झाला तर, सगळ्याला उत्तर होतं. बायका हसत घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोर गाठीला यायचं. तेरा वर्षं हे असं चाललं, आणि तेरा वर्षांत एकाही पोराला विंचूसुद्धा चावला नाही. बाईला याचा अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आता म्हणायला हरकत नाही.

तिला पुरून उरली ती एकटी अंजू. अंजूचा नवरा धर्मेंद्र हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा, भला माणूस, कुणाच्याही कामाला धावणारा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली, आचल. अंजू तिला उंबऱ्याबाहेर पडू देईना. वेचणीला जाताना घराला कुलूप लावायची.

“कुलपात लेकरू जागच्या जागी तं राह्यते,” ती म्हणायची. “तुमच्या झाडाले दार कुठं हाये?”

मीराबाईने पिच्छा सोडला नाही. अंजूच्या घरी ती उन्हाळाभर चकरा मारत राहिली, आणि अखेर २००६च्या पावसाळ्यात आचल दोरीच्या शेवटच्या गाठीला आली. चार वर्षांची, बडबडी, केसांना लाल रिबिनी. बाईला वाटलं, आता गावात एकही कुलूप उरलं नाही.

त्या वर्षी चिकनगुनियाने येळापूर आडवं केलं. धडधाकट माणसं भिंत धरून चालायला लागली. ताप उतरला तरी सांधे सोडेनात, बायका सकाळी चुलीपुढे बसल्या की त्यांना उठता येईना. घरोघरी तिन्हीसांजेला घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचे आणि दारं लावून घ्यायचे. सगळ्या गावाच्या अंगाला त्या धुराचा कडू वास यायला लागला.

दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. दुपारी पोरांना निजवून बाई त्यांच्यात आडवी झाली आणि सहज वर पाहिलं. आंब्याच्या दाट पानांत, मधल्या जाड फांदीखाली, काहीतरी काळं लोंबत होतं. ते दाराएवढं होतं. आणि त्याच्या अंगावरून मधूनच एक लाट सरकत होती, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आग्या मोहोळ होतं ते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसलं नसतं, खोडाशी उताणं पडलं तरच दिसत होतं. तिथे उताणी पडायची फक्त पोरं.

डोंगरातून मध काढून आणणारा गोमाजी गोंड गावाच्या टोकाला राहायचा. बाईने त्याला गुपचूप बोलावून आणलं. तो बराच वेळ मान वर करून उभा राहिला.

“लय मोठं हाये, बाई.”

“आजच काढ.”

“आता कोजागिरीचं चांदनं हाये. उजेडात हात लावला तं माणसाले जितं सोडत नाई. आमच्यात कोनी काढत नाई. अवसेच्या अंधारात काढतो, दिवाळीले.”

“तोवर?”

“तोवर त्याले कळू देऊ नका, का खाली कोनी हाये. आवाज नको. गोटा नको. अन् धूर तं बिलकूल नको. काढाले धूर लागते, पन तो अंधारात, अन् आमच्या हातचा. दिवसा धूर लागला तं खाली जे भेटन त्याच्यावर येतीन.” मग तो हळूच म्हणाला, “पोट्ट्याईले दुसरीकडं काऊन नाई बसवत?”

बसवायला जागा होती का? समाजमंदिराची ओसरी सोयाबीनच्या ढिगांनी भरली होती. पण खरं सांगायचं तर जागेचा प्रश्न दुय्यम होता. कुणाचं अंगण मागितलं असतं तरी मिळालं असतं. पण मागितलं की ‘काऊन’ आलंच, आणि त्याचं उत्तर आग्या मोहोळ. पहिल्या बोंडांआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागलेली. बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी दोरी रिकामी आणि दारोदार कुलपं, हे बाईला लख्ख दिसत होतं. एकदा गेलेलं पोर परत येत नाही, हेही. दिवाळीपर्यंत तर निभवायचं आहे, तिने स्वतःला बजावलं. गोमाजीला तिने कुणाला न सांगण्याची शपथ घातली. तो मान हलवून गेला, पण जाताना त्याने आंब्याखालून जायचं टाळलं आणि नाल्याकडून वळसा घेतला.

त्या दिवसापासून बालवाडीतली गाणी बंद झाली. बाईने पोरांना नवा खेळ शिकवला, कानात बोलायचा. पोरं एकमेकांच्या कानात आकडे म्हणायची, कानात गोष्ट सांगायची, कानात भांडायची. टाळ्या नाहीत, पळापळ नाही. कुणी मोठ्याने हसलं की बाई झडप घालून तोंडावर हात ठेवायची. सतरंजी तिने खोडापासून थोडी लांब सरकवली. दुपारी पोरं झोपली की ती जागी बसायची आणि वरून येणारी ती एकसुरी घुमघुम ऐकत राहायची. पूर्वी ही घुमघुम कशी ऐकू आली नाही, याचं तिला नवल वाटे. आता ती घरी, चुलीपुढे, न्हाणीतसुद्धा तिच्या कानात राहायची.

आणि गाव काय म्हणत होतं? गाव खूश होतं. “बाई, तुमी तं कमाल केली,” आया म्हणायच्या. “पोट्टं घरी आता कसं हळू बोलून राह्यलं. पह्यले डोकं उठवे.” मीराबाई हसायची. ते हसू तिच्या तोंडावर नीट बसत नव्हतं, पण कुणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं अंजूचं. एका संध्याकाळी ती ओसरीवर आली, बसली नाही.

“बाई, आचल काहीबाही बोलते. म्हणते, झाडावर काळी गोधडी वाळू घातली हाये अन् ते आपल्या आपन हालते. काय हाये ते?”

हाच तो क्षण. बाईला तो समोर आलेला कळला. तोंड उघडून सांगितलं असतं तर काय झालं असतं? बालवाडी बंद पडली असती, फार तर. पण तेरा वर्षं जी जीभ झटकन उत्तर द्यायची तिने याही वेळी दिलं.

“लेकराच्या बोलण्यावर जाते का तू, अंजू? झोपीत पाह्यलं असन काही. पानाची सावली असन.”

अंजू थोडी घुटमळली. मग म्हणाली, “अन् मच्छर? झाडाखाली लय असतीन. तुमी धूर काऊन नाई करत? सारं गाव करते.”

“धूर नको,” बाई एवढ्या जोरात म्हणाली की अंजू दचकली. बाईने आवाज खाली आणला. “लेकराच्या छातीले वाईट असते धूर.”

अंजूने ते घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. धर्मेंद्र स्वतः चिकनगुनियाने महिनाभर अंथरुणाला खिळला होता, त्याच्या बोटांची सूज अजून उतरली नव्हती. त्याला वाटलं, बाई बिचारी एकटी, गोवऱ्या कुठून आणील, पाला कोण तोडून देईल, म्हणून छातीचं निमित्त सांगते. पोरं यायच्या आधी धूर करून घमेलं उचललं की छातीचाही प्रश्न मिटला. भल्या माणसाला सुचावं तेच त्याला सुचलं.

दिवाळी तोंडावर आली होती. चंद्र उशिरा उगवू लागला होता आणि गोमाजीने मशालीच्या चिंध्या जमवायला घेतल्या होत्या. त्या सकाळी मीराबाई दोरी घेऊन घरं फिरली. अंजूच्या दारात आवाज दिला तर अंजू म्हणाली, “आचल बापासंगं पुढं गेली. ते तुमच्यासाठी काही करून राह्यले तिकडं.” काय ते तिने सांगितलं नाही. चांगलं काम सांगून करायचं नसतं, असा तिचा समज.

गावाचं शेवटचं घर ओलांडलं आणि बाईला वास आला. कडू, ओला वास. मग आंब्याच्या बुंध्याशी धूर दिसला, पांढरा, जाड, सरळ पानांत शिरणारा. धर्मेंद्र सुपाने वारा घालत होता. शेजारी आचल उभी होती, दोन्ही हातांत निंबाच्या डहाळ्या घेऊन. बाईला पाहून तिने एक डहाळी हलवली. कानात बोलायचा खेळ विसरून ती मोठ्याने ओरडली, “बाई, पाहा आमी काय केलं ते.”

मीराबाईने दोरी पहिल्या पोराच्या हातात कोंबली, “घरी पळा, मागं पाहू नका,” म्हणाली आणि आंब्याकडे धावली. ओरडावं तर आवाज, न ओरडावं तर धर्मेंद्रला कळेना. ती नुसते हात हलवत धावत होती. धर्मेंद्रला वाटलं, बाई खूश झाली. मग वर काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला आणि आंब्यातून अंधार खाली उतरला.

बाई पोचली तेव्हा आचलच्या लाल रिबिनी दिसत नव्हत्या. बाईने तिला खाली पाडलं, आपल्या लुगड्यात गुंडाळलं आणि तिच्यावर पालथी पडली. धर्मेंद्र डोळे झाकून गोल गोल फिरत होता आणि लेकीचं नाव घेत होता.

दोरीवरची सगळी पोरं गाठी न सोडता गावात पोचली. त्यांच्यातल्या एकालाही काही झालं नाही. आचलने दुपारी कारंज्याच्या दवाखान्यात प्राण सोडला.

तिसऱ्या दिवशी अंजूच्या अंगणात माणसं बसली होती. धर्मेंद्रचे डोळे सुजून बंद झाले होते. कुणाची चाहूल लागली की तो तिकडे तोंड करून एकच सांगायचा, “म्या धूर केला. माह्या हातानं केला. बाई नाई म्हणे, तरी केला.” माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. “तुले का माहीत होतं, बापू? कोनालेच नव्हतं,” म्हणत होती.

मीराबाई दवाखान्यातून सरळ तिथे आली. तोंड ओळखू येत नव्हतं. तिला पाहून माणसं उठून उभी राहिली. लक्ष्मणराव सरपंचांनी स्वतः तिला बसायला पाट दिला. “बाई, तुमी होत्या म्हणून बाकीचे पोट्टे वाचले,” ते म्हणाले. “गाव विसरनार नाई. समाजमंदिराची ओसरी खाली करतो, तिथं बसवा लेकरं.” बायका तिच्या पाया पडायला वाकल्या. बाईने पाय ओढून घेतले. तिने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिली असती तर बालवाडी राहिली असती, मानही राहिला असता. गोमाजी दाराबाहेर उभा होता, तोही शपथेने बांधलेला.

धर्मेंद्रने तिच्या दिशेने तोंड वळवलं. “बाई, म्याच मारली ना माही पोरगी?”

मीराबाई पाटावरून उठली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“नाई,” ती म्हणाली. “मले माहीत होतं वर काय हाये ते. दसऱ्यापासून माहीत होतं.”

अंजू भिंतीशी बसली होती, ती हळूहळू उठली. तिला रडू येत नव्हतं.

“मी विचाराले आल्ती तुमाले,” ती म्हणाली. “काळी गोधडी म्हणते, म्हणून सांगतलं होतं मी. तवा काऊन नाई बोलल्या?”

“तू पोरगी धाडली नसती म्हणून.”

“नसतीच धाडली,” अंजू म्हणाली. “कुलूप लावून ठेवली असती घरात.”