पाठ झालेले कोड

मी रिपोर्टवर सही करणार, तेवढ्यात वर्षाताई म्हणाल्या, "सर, थांबा. एक गोष्ट सांगायची राहिली."

विजय नगरमधली ट्रॅव्हल एजन्सी होती. कार्डाने पैसे घेणाऱ्या ऑफिसांचं सिक्युरिटी ऑडिट करणं हे माझं काम. कार्डाच्या मागे तीन आकड्यांचा कोड असतो, सीव्हीव्ही. पेमेंट झालं की तो कुठेही ठेवायचा नाही, असा नियम आहे. मी कॉम्प्युटर, ईमेल, कपाटं, सगळं तपासलं होतं. काही सापडलं नव्हतं.

"कोड माझ्या डोक्यात आहेत," ताई म्हणाल्या. "जुन्या क्लायंट्सचे. एकदा फोनवर सांगितले की मला आकडे आपोआप पाठ होतात. मग पुन्हा फोन येतो, 'दीदी, हॉटेल बुक कर दो.' मी न विचारता कोड टाकते."

परदेशी साइट्सवर ओटीपी लागत नसे. कार्ड नंबर आणि कोड टाकला की बुकिंग पक्कं.

मालक जोशी अस्वस्थ झाले. ताई त्यांच्या सगळ्यात जुन्या एजंट, अर्धा धंदा त्यांच्या ओळखीवर. "काहून बोलल्या तुम्ही? चालून राहिलं होतं ना सगळं."

"सर लिहून देऊन राहिले की कोड ऑफिसात कुठंच नाही. ते खोटं होते ना, भाऊ. उद्या कोणाचे पैसे गेले तर पहिली चौकशी माझी व्हायला पाहिजे. अन् तुम्ही म्हणाल, वर्षा तशी नाही, तिला विचारूच नका."

 मी सही न करताच रिपोर्ट बाजूला ठेवला.

उपाय सोपा होता. क्लायंटच्या मोबाइलवर पेमेंट लिंक पाठवायची, कोड त्यानेच टाकायचा. पण पाठ झालेल्या कोडांचं काय? कार्डंच बदलायला हवी होती. "मीच सांगते," म्हणत ताईंनी सिव्हिल लाइन्समधल्या एका डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर साहब, आपके कार्ड का कोड मुझे याद है. नया कार्ड बनवा लीजिए."

"अरे, आप पर भरोसा है."

"भरोसा है, इसीलिए बता रही हूँ."

जोशी ऐकत होते. दुसरा फोन त्यांनी स्वतः लावला. बडा फुहारा बाजारातले एक कापडवाले भडकले आणि दुसऱ्या एजन्सीकडे गेले. जोशींना ते लागलं, पण ताईंना ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बाकीच्यांनी कार्डं बदलली, एजन्सी नाही.

लिंक सुरू झाल्यावर मी पुन्हा जाऊन तपासलं आणि मगच सही केली. ऑडिटरला न सापडलेली चूक स्वतःहून सांगणारं माणूस मला नोकरीत एकदाच भेटलं. तेव्हापासून मी प्रत्येक ऑफिसात एकच सांगतो: कपाट रिकामं करता येतं, डोकं नाही. कोड कानावर पडूच देऊ नका.