ड्रायव्हर नसलेल्या गाडीचा व्हिडिओ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. धाकट्या भावानं बाबांसाठी पाठवलेला व्हिडिओ मी बाबांना दाखवलाच नाही.

बाबा एस.टी.चे ड्रायव्हर होते. मीही तेच, अमरावती–अचलपूर. धाकटा शिकला, सिग्नलच्या कंपनीत लागला आणि शांघायला गेला. तिथल्या एका मेट्रो लाइनवर गाडीला ड्रायव्हरच नसतो. गाडीनं कुठं हळू व्हायचं, कुठं थांबायचं, हे बसवून देणाऱ्यांत तो. ज्या कामावर माझं घर चालतं ते कामच यानं गाडीतून काढून टाकलं, आणि मोहल्ला त्याचं कौतुक करत होता. वर लोक मला विचारायचे, "काय मंग, घरी बसाचा तुमचा नंबर कधी?" मी हसायचो.

बाबांना फोनवर ऐकू येत नसे. भाऊ बोलायचा ते मी बाबांच्या कानाशी मोठ्यानं सांगायचो, बाबांचं त्याला कळवायचो. दोघांच्या मधे मीच.

एका दुपारी ड्यूटीवरून आलो, तर तो व्हिडिओ. भाऊ पहिल्या डब्यात, अगदी समोरच्या काचेशी उभा. बोगद्यातले दिवे अंगावर येत होते. स्टेशन आलं, गाडी आपली आपणच थांबली, डब्याचं दार फलाटावरच्या काचेच्या दारासमोर बरोबर. स्टँडवर इतकी नेमकी गाडी मला कधी लावता आली नाही. गाडी सुटताना त्यानं काचेला हात लावला आणि कपाळाला नेला.

"बाबा, हे पाहा तुमची जागा. अठी कोनीच बसत नाही. म्हून तुमच्या वाटचा नमस्कार मीच केला."

डेपोतून गाडी काढताना बाबा असाच स्टिअरिंगला हात लावून कपाळाला न्यायचे. तो नमस्कार मी बावीस वर्षं रोज करतो आहे. बाबांनी एकदाही पाहिला नाही. मग याचा काचेला केलेला मी काऊन दाखवू?

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काऊन रे, त्याच्या गाडीचा काही फोटो-गिटो येत नाही का?"

तिकडं आपलं व्हॉट्सअ‍ॅप बंद असते, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. पण भावानं माझ्या फोनात दुसरं अ‍ॅप टाकून दिलं होतं, ते मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन. "दादा, बाबाले दाखवला? काय म्हणले?"

"पाह्यला. काही नाही म्हणले."

मग माझ्या ड्यूटीची चौकशी करून त्यानं फोन ठेवला. पुन्हा गाडीचं काही पाठवलं नाही. बाबा मात्र मी चपला काढायच्या आत विचारायचे, आलं का काही. नाही म्हटलं की भिंतीकडं पाहत बसायचे.

त्याच हिवाळ्यात बाबा गेले. भाऊ आला, तेरा दिवस राहिला. निघताना म्हणाला, "बाबाले माह्यं काम पटलंच नाही, नाही का दादा?" मी त्याची बॅग उचलून रिक्षात ठेवली.

व्हिडिओ अजून फोनात आहे. बाबांनी तो पाहिलाच नव्हता, आणि ते रोज विचारत होते, एवढं मला त्याला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.