छातीवरची पावती

वसुलीकाकू गल्लीत शिरली की दारं पटापट लागायची. एरवी उंबऱ्यात बसून गप्पा हाणणाऱ्या बायकांना नेमकी तेव्हाच घरातली कामं आठवायची. काकूनं कडी वाजवली की आतून आवाज यायचा, "घरात कोणी नाहीये!" अहो, मग बोलतंय कोण? पण काकू असल्यांना पुरून उरलेली. तिचा नवरा नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं आणि घरोघर पाणीपट्टी मागत फिरायचं काम तिच्या गळ्यात पडलं. बाई तोंडानं फटकळ. चिडली की आधी पदर खोचायची आणि मग तोंड उघडायची, त्यामुळे जाणकार मंडळी पदराकडे बघूनच सटकायची.

यंदा मात्र तिच्या जिवाला घोर लागला होता. टेकडीवरच्या वस्तीला नळ नव्हता. तिथं टाकी आणि पंप मंजूर झाला होता, बहुतेक पैसा वरून यायचा होता, पण एका अटीवर. नगरपालिकेनं आपला वाटा पाणीपट्टीतून उभा करायचा, तोही वर्ष संपायच्या आत. नाही जमलं तर टाकी दुसऱ्या गावाला. आणि नगरपालिकेच्या तिजोरीत तर नुसता खडखडाट!

त्या टेकडीच्या पार टोकाला काकूची सासू राहायची. म्हातारी महाहट्टी. "खाली माझ्याकडे चला" म्हटलं की म्हणायची, "माझं घर काय ओस पाडू?" रोज हंडा घेऊन उतरायची, भरून चढायची. गेल्या वर्षी पाय घसरून पडली, कंबर मोडायची राहिली, पण हंडा काही हातातून सोडला नाही. सून नगरपालिकेत म्हणून ती तिला सरकार म्हणायची.

"काय सरकार, मरायच्या आधी दारात नळ बघायला मिळतो का मला?"

"मिळेल हो, सासूबाई," काकू म्हणायची, आणि उतरताना तिला रडू फुटायचं.

वसुली काही हलेना. लोक म्हणायचे, पाणी धड येत नाही, पैसे कशाचे? नगरपालिका म्हणायची, पैसे नाहीत, पाणी कुठून आणू? सगळं तिथल्या तिथं फिरत होतं.

एके दिवशी बाजारातल्या शिंप्यानं मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "देतो की काकू! आधी तुमच्या घरची पावती दाखवा."

काकूचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. नगरपालिकेत नोकरी म्हणजे घरचं पाणी फुकट, असा काही नियम नव्हता. पण आजवर कर्मचाऱ्यांपैकी कुणी भरलं नव्हतं आणि कुणी त्यांना मागितलंही नव्हतं. नवऱ्यानं भरलं नाही, तिनंही नाही. यात काही वावगं आहे हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. भर बाजारात तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तिनं बांगड्यांसाठी साठवलेले पैसे टेबलावर ठेवले, मागच्या थकबाकीसकट स्वतःची पावती फाडली आणि पिन लावून छातीवर टाचली.

"काय काकू, निवडणुकीला उभ्या राहताय की काय?" कारकून खिदळला.

"तुझ्या घरी नळ आहे ना रे?" काकूनं पदर खोचला. कारकुनाचं हसू तिथंच विरलं.

मग ती तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, गाव मला पावती विचारतंय. माझी आहे. तुमची विचारली तर काय सांगू?"

साहेब गोरेमोरे झाले. दोन मिनिटं कागद चाळल्यासारखं केलं, मग स्वतःशीच हसले आणि पाकीट काढलं. "बाई, पिन आहे का अजून एक?"

दुपारी नगरपालिकेची अख्खी पलटण छातीवर पावत्या लावून बाजारातून निघाली. साहेब, कारकून, झाडूवाले, पंपवाले, झाडून सगळे! काकू सगळ्यांच्या पुढे. शिंप्याच्या दुकानासमोर ती थांबली. "आता बोला, भाऊ!"

शिंप्यानं गल्ला उघडला. "हरलो बुवा! फाडा माझी पावती. पिन मात्र माझी हं, शिंप्याला तुम्ही पिन देणार?"

झालं! गावाला तो चाळाच लागला. पावती न लावलेला माणूस भाजी घ्यायला आला तर भाजीवाली आधी छातीकडे बघायची, मग तराजू उचलायची. काकूला बघून लागणारी दारं आता उघडायला लागली. वर्ष संपायला अजून अवकाश होता, तोच हिशेबनीस टेबल बडवत ओरडला, "काकू, आपला वाटा उभा राहिला!" काकू मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता ढसाढसा रडली. टेकडीवर टाकी चढली.

पाणी सोडलं त्या सकाळी म्हातारीच्या दारात अख्खी वस्ती जमली. नळ आधी खाकरला, फसफसला, आणि मग धो धो सुटला. म्हातारीनं ओंजळ धरली, तोंडावर मारली आणि पुन्हा धरली. मग ओला हात लुगड्याला पुसून तिनं सुनेपुढे धरला.

"सरकार, माझी पावती?"

"अहो सासूबाई, आत्ता तर पाणी आलं! बिलाला वेळ आहे."

"मग आगाऊ घे. बाजारातली माणसं लावून फिरतात आणि मी काय पाप केलंय?" तिनं कनवटीची नोट काढली. "फाड. आणि नाव माझं घाल, तुझ्या सासऱ्याचं नको."

काकूनं टेकडीवरची पहिली पावती फाडली. पिन सासूबाईंनी स्वतःच लावून घेतली. "चल, त्या शिंप्याला दाखवून येऊ," म्हणत म्हातारी रस्त्याला लागलीसुद्धा. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती टेकडी उतरत होती, पण आज पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात मोकळे होते.