खालची जाळी

वसंताभाऊंवर मी अन्याय केला. तीन वर्षांपूर्वी, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाच्या जरा आधी. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आमच्या कामगार संघटनेत नाही, प्रतापनगरला घरी आईलाही नाही.

तुम्ही मला पाहिलं असेल. पिवळी पत्रकं वाटणारी, गेटवर उभी राहून मालकांना खोटारडे म्हणणारी मुलगी. दुसऱ्याच्या खोट्यावर बोट ठेवणं हे माझं काम — आणि मी ते चांगलं करते. मग स्वतःच्या खोट्यापर्यंत यायला तीन वर्षं का लागली? सांगते. जरा थांबा, सांगते.

शहराबाहेर मँगनीजचा दगड फोडून, चाळून विकणारा एक कारखाना आहे. तिथे खोलीएवढी चाळणी दिवसभर थरथरत असते. तिच्यात एकाखाली एक दोन जाळ्या. वरची मोठे दगड अडवते, खालची बारीक चुरा गाळते. त्या जाळ्या बसवायचं, बदलायचं काम वसंताभाऊंचं. ठेकेदाराकडे, सव्वीस वर्षं. लोखंडी तारेवर दगड आपटून आपटून त्यांचा डावा कान पुरता गेला होता, उजवा अर्धा. त्यांची बायको म्हणायची, "याले जेवाले बोलवाचं म्हणजे लग्नाचा बँड लागते." ते ऐकू न येताही हसायचे. तिचं तोंड बघून कळायचं त्यांना.

मी त्यांच्या कानासाठीच लढायला गेले होते. हे खरं आहे — पण ह्याने काहीही कमी होत नाही.

गेटसमोरच्या टपरीवर ते मला शिकवायचे. हातात जुन्या जाळीचा तुकडा, भोकांतून बोट घालून. तारेची जाळी भरपूर गाळते, पण कानठळ्या बसवते. रबराची शांत, टिकाऊ, पण तिला भोकं कमी. मी म्हटलं, सगळीकडे रबरच मागू. तर मोठ्याने म्हणाले — ते सगळंच मोठ्याने म्हणायचे —

"काहून वं पोरी, सगळ्याच तारेवर राग काढून राहिली? वर रबर लावा म्हण त्याईले. मोठा दगड वरच आपटते, बोंब तिथंच होते. पण खाली तारच पायजे. ती नागमोडी, सुटी तार. पावसाचा ओला माल आला का रबराच्या भोकाईत माती बसते. सुटी तार आपली आपण थरथरते, माती झटकून टाकते."

मी वहीत लिहून घेतलं. दोन्ही गोष्टी — वर रबर, खाली तार.

आमच्याकडे पत्रकाचा एक रिवाज आहे. एक कागद, एक मागणी, आणि ती गाडीवरून जाताजाता वाचता आली पाहिजे. आता वाटतं, "वर रबर, खाली तार" — याहून सोपी घोषणा कुठली असते? पण तेव्हा मला ती माघार वाटली. खाली तार राहिली म्हणजे मालक अर्धा जिंकला, असं वाटलं. मी छापलं : तार हटवा, कान वाचवा! त्यांचं अर्धं म्हणणं पत्रकात गेलं. अर्धं वहीतच राहिलं.

आम्ही गेटवर बसलो. मालक वाकला. दोन्ही जाळ्या रबराच्या झाल्या. त्या दिवशी चालू चाळणीशेजारी उभे राहून वसंताभाऊ ओरडले, "पोरी, मले तुझा आवाज येऊन राहिला!" मग त्यांनी वाकून खाली पाहिलं. "खालीबी रबर? बरं. पावसात पाहू." एवढंच. मला एका शब्दाने विचारलं नाही.

आणि पाऊस आला. खालची भोकं मातीने बुजली, चुरा गळेना, दगडांबरोबर तोच पुढे गेला. चुरा मिसळलेला माल गिऱ्हाइकांनी नाकारला, ट्रक परत आले. बैठक बसली. मालकाने विचारलं, "दोन्हीकडे रबर, ही अक्कल कुणाची?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वसंताभाऊ दाराशी उभे होते, उजवा कान आत करून. वही माझ्या पिशवीत होती.

मी म्हटलं, "तुमच्याच जाळीवाल्याने सांगितलं होतं."

मोठ्याने नाही म्हटलं. त्यांना ऐकू जाणार नाही, इतपतच म्हटलं. हे मी ठरवून केलं का? हो. केलं. आणि त्यांनी मला बोलताना पाहिलं आणि हसून मान हलवली. त्यांना वाटलं, पोरगी आपल्या बाजूने बोलते आहे.

दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराने त्यांना कामावर घेतलं नाही. कारण सांगितलं नाही. ते नरखेडकडे लेकीच्या गावी राहायला गेले.

दर हंगामात तिकडून माझ्या वाडीतल्या भाड्याच्या खोलीवर मोसंबीची पिशवी येते. सोबत लेकीचा निरोप : बाबा म्हणतात, पोरगी आपल्यासाठी भांडली होती.

मी ती मोसंबी खाते. साली टाकवत नाहीत. खिडकीत वाळत राहतात, आणि त्या वासाबरोबर मला ती टपरी हवीशी होते, तो जाळीचा तुकडा, तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाणारा "काहून वं पोरी". फोनवर त्यांना ऐकू येत नाही. दोनदा स्टँडवर गेले. दोन्ही वेळा नरखेडची एसटी समोरून जाऊ दिली.

ह्या कागदाची पहिली प्रत घेऊन मी उद्या जाणार आहे. ते अक्षराखाली बोट धरून हळू वाचतात. त्यांचं बोट त्या वाक्यापर्यंत पोचेपर्यंत मी समोर बसून राहीन. पुढे ते हसतील की नाही, ते त्यांचं. मी काही मागणार नाही.

मागायचं आहे ते तुमच्याकडे. माझं ते पिवळं पत्रक अजून कितीतरी गेटांवर वाटलं जातंय — मी ते कधी थांबवलंच नाही. ते हातात पडलं तर पेन काढा आणि माझ्या घोषणेखाली लिहा : खालची जाळी तारेचीच ठेवा. आणि त्याखाली ज्याने हे सांगितलं त्याचं नाव घाला. वसंताभाऊ, जाळीवाले.