उलट्या शिलाईचं जाकीट

२००४ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. कराडचं शिंपीकामाचं दुकान बंद करून मुलाकडे, अमेरिकेत वेस्ट विंडसरला निघालो. शेजारचा पानवाला गाडीच्या काचेतून डोकं घालून म्हणाला, "मास्तर, तिथं सगळे तयार कपडे घेतात. तुम्हाला कोण विचारणार?"

"नाही विचारलं तर नाही," मी म्हटलं. गाडी वळली तरी मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरलोच असतो.

तिकडं राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं इकडं आलेल्यांनाही सांगतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षांत माझा एक कपडा दुरुस्तीला परत आला नाही. इथं मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात मी आणि फ्रिजचा आवाज. नात जुई कॉलेजातून सुट्टीला आली की तेवढी माझ्यापाशी बसायची. तिनं कपड्यांचं डिझाइन शिकायचं म्हटलं तेव्हा मुलगा चिडला, मी तिच्या बाजूनं उभा राहिलो. घरात शिवणारं आणखी एक माणूस होणार होतं.

२००७ला ती एका सेमिस्टरसाठी टोकियोला गेली. तिथली पोरं रस्त्यावर काय घालून हिंडतात ते बघायला. परत आली आणि भरदुपारी बॅग उघडी टाकून झोपली. वरच निळ्या जाड कापडाचं जाकीट. शिलाई उलटी, आत दडवायची माया सगळी बाहेर, दोरे लोंबताहेत, डावी बाही दोन बोटं लांब. म्हटलं, पोरीला कुणीतरी गंडवलं. ती उठेपर्यंत सगळं उसवलं, सुलट करून सुनेच्या मशीनवर टीप मारली, डावी आत दुमडून बाह्या सारख्या केल्या, इस्त्री फिरवली.

ती उठली आणि जाकीट बघून खालीच बसली. "ओ माय गॉड, आजोबा! सोमवारी क्लासमध्ये प्रेझेंट करायचंय मला!"

"कुठल्या गाढवानं शिवलं होतं ते?"

"मी! मी शिवलं होतं, आजोबा. हातानं."

मग तिनं लॅपटॉपवर फोटो दाखवले. गुलाबी केसांच्या पोरी, आजोबाचा कोट कापून स्कर्ट केलेली एक, मागं सिग्नलला माणसंच माणसं. जुई वही घेऊन दिवसदिवस चालायची, कपडा आवडला की थांबवून विचारायची, कुणी शिवला? कितीतरी जण म्हणायचे, मीच. म्हणून तिनंही शिवला. हात दिसावा म्हणून टाके बाहेर ठेवले. शेवटच्या फोटोत ती ते जाकीट घालून भर रस्त्यात उभी होती, मान ताठ. आमच्याच घरची मान.

"बाबा, सॉरी म्हणून टाका ना," संध्याकाळी मुलगा म्हणाला.

"नीट केलेलं काम मी बिघडवत नसतो," म्हणून मी न जेवता खोलीत गेलो. थोड्या वेळानं दार वाजलं. जुई ताट घेऊन उभी. डोळे लाल. "यू आर सो स्टबर्न," म्हणाली, आणि आमटीवर तूप वाढलं.

कराडला मला चुकलात म्हणायची कुणाची छाती नव्हती. इथं एक पोरगी तोंडावर म्हणते आणि वर ताटही आणते. आता घर कुठलं विचाराल तर मी कराड म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी खिडकीशी बसून मी माझी टीप उसवली. तिच्या सुईची भोकं जाड कापडात तशीच होती. माया पुन्हा बाहेर काढून त्यांच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्यानं कच्चा टाका घातला, डावी बाही दोन बोटं सोडली, आणि पक्क्या टाक्यांसाठी सुई ओवून तिच्या उशाशी ठेवली.